चेंबरचा नट आणि एक वायसर

परदेशात लोक आपल्या गाडीचं इंजिन ऑइल घरीच बदलतात म्हटलं की आपल्याकडे आधी त्यांची कीव केली जाते. मजुरी परवडत नाही म्हणून करतात, हे खरंच आहे, नाकारायचं कशाला? पण एकदा सर्व्हिस मॅन्युअल उघडलं की चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ऑइल सोडायचा नट किती आवळायचा याचा चक्क आकडा छापलेला दिसतो, आणि पान्यावर पाय देऊन आवळायची सगळी शिकवण तिथेच मोडीत निघते.

बऱ्याच छोट्या गाड्यांत हा आकडा २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ३० म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण १५ किलोचा जोर. बस्स. चेंबर बऱ्याचदा अॅल्युमिनियमचं, नट पोलादी; जोर जास्त झाला की आटे चेंबरचेच जातात. आवळता आवळता नट अचानक हलका होतो, आणि काढून पाहिला तर त्याच्या आट्यांत चांदीसारखी बारीक तार गुंडाळून आलेली असते. ती तार म्हणजे चेंबरचे आटे. पुढे नवे आटे पाडा, नाहीतर चेंबरच बदला.

मुळात गळती थांबवतो तो वायसर. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा मऊ वायसर दाबला जातो आणि दोन्ही पृष्ठभागांवरच्या बारीक खाचा भरतो. एकदा दबलेला दुसऱ्यांदा तसा बसत नाही. जुनाच घातला की थेंब येतो, थेंब आला की माणूस आणखी आवळतो, आणि आट्यांचा बळी जातो. म्हणून दर वेळी नवा वायसर. काही नटांना रबरी रिंग असते, तिथे तीच नवी.

आपल्याकडच्या मिस्त्रीला हे मनगटानं कळतं, त्याला तोड नाही. पण ते मनगट हजारो नटांवर तयार झालेलं असतं. वर्षातून एकदा गाडीखाली शिरणाऱ्यानं टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर झाला की कळवणारा पाना, घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

बाकी काम सोपं. इंजिन ५-१० मिनिटं चालवून कोमट करा. कडकडीत गरम असेल तर हात भाजेल. जमीन सपाट आणि टणक हवी, चाकांना अडण लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका. नट सोडण्याआधी तो इंजिनचाच आहे याची खात्री करा. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा नट शेजारीच असतो. तो सोडला तर गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट ऑइल, असा दुहेरी घोळ होतो.

ऑइल फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून पाहा. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर इंजिन सुरू होताच ऑइल दाबानं बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर टेकेपर्यंत हातानं फिरवा आणि मग पाऊण फेरा, किंवा फिल्टरवर लिहिलं असेल तेवढं.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. ५डब्ल्यू-३० एवढंच जुळणं पुरेसं नाही: डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर राखेनं तो फिल्टर भरत जातो. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून ५-१० मिनिटं थांबा, मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहत भर घाला. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, ऑइल घुसळतो, फेस होतो आणि ऑइलचं प्रेशर पडतं. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच इंजिन बंद. डिझेलचं नवं ऑइल लगेच काळं होतं, त्याची काळजी नको. दुधाळ दिसलं तर मात्र कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळतंय का ते तपासायला हवं.

जुनं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून संकलन केंद्रावर द्यायचं. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळू नका, नाहीतर त्याचं शुद्धीकरण अवघड होतं. फिल्टर उलटा करून रात्रभर निथळू द्या. त्याच रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर आधी नट आणि फिल्टर कोरडे पुसून घ्या: सांडलेलं ऑइलही ठिबकत राहतं. पुसल्यावरही तिथेच थेंब आला, तरच पाना हातात घ्या.