थेंब सोडायचा आणि बघायचं

शाळेत चित्रकला म्हटलं की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, म्हणजे स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन आणि ग्रेड कुठली मिळणार याचं टेन्शन. पण परीक्षा आटोपली की आमचे चित्रकलेचे सर खिडकीत काचेचा ग्लास ठेवायचे, पाणी पार स्थिर होऊ द्यायचे आणि ड्रॉपरने शाईचा एकच थेंब, तोही पाण्याच्या अगदी जवळून, सोडायला लावायचे. बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

थेंब आत शिरला की त्याची बांगडी होते, खाली जाता जाता ती रुंद होते, मग तीनचार ठिकाणी जड होऊन लोंबायला लागते आणि त्या प्रत्येक लोंबत्या टोकाची परत छोटी बांगडी! शाई पाण्यापेक्षा किंचित जड म्हणून हे होतं. इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या जे. जे. थॉमसननी 1885 मध्ये नेमक्या ह्याच कड्यांवर पेपर लिहिलाय हे कॉलेजात कळलं तेव्हा मला सरांना जाऊन सांगावंसं वाटलं. पाण्यात भरपूर मीठ विरघळवलं की तीच शाई वरच अडून पसरते, हेही सरांनीच दाखवलेलं.

आता सांगलीतच नोकरी सांभाळून रविवारी मी ह्याचे फोटो काढतो. पाणी उकळून गार केलेलं घेतो नाहीतर काचेला बुडबुडे चिकटतात, मागून बटर पेपर लावून लाईट, शटर फास्ट. निळ्यात पिवळा सोडला तर लगेच हिरवा होत नाही हो, आधी दोघांचे धागे एकमेकांत गुंततात, बराच वेळ आपापला रंग धरून राहतात, आणि माझ्या मते खरं चित्र तेवढ्या वेळातच असतं, नंतर नुसतं रंगीत पाणी. हे कशाचं चित्र असं घरी येणारे विचारतात, मी सांगतो, शाईचंच.

आणि हे खूळ काही परकं नाही. इथून तीनेक तासांवरच्या विजापुरात आदिलशाहीच्या काळात, 17व्या शतकात, पाण्यावर रंग तरंगवून ते कागदावर उचलून चित्रं करायचे. त्यातलं हाडं वर आलेल्या घोड्याचं आणि स्वाराचं एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे. फोटोत बघितलं तरी त्या रंगांच्या लाटांवरून नजर हलत नाही.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चित्रकलेच्या वर्गाला एक काचेची टाकी, ड्रॉपर आणि रंगीत शायांचा सेट देतोय. टाकी खिडकीपाशीच ठेवा, आणि मोकळा तास मात्र मुलांना नक्की द्या.