गडग्यापासून फाटकापर्यंत ४८ मीटर

चिपळूण तालुक्यातल्या एका प्रजिमावर एक वळण आहे. (प्रमुख जिल्हा मार्ग असं पूर्ण नाव आमच्या कामात कोणी घेत नाही. तो प्रजिमा, आणि राज्यमार्ग तो रामा.) वळणाच्या आतल्या अंगाला चिऱ्याचा उंच गडगा, म्हणजे दगडी कुंपण, गडग्यावर करवंदाची जाळी, आणि वळण संपतं तिथेच प्राथमिक शाळेचं फाटक. इथे वेगमर्यादेची पाटी किती आकड्याची असावी, हे सुचवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला दिवस गाड्या मोजण्यात गेला. रस्त्यावर ५० मीटर अंतराने खडूच्या दोन रेघा मारायच्या आणि स्टॉपवॉच घेऊन फणसाच्या आड बसायचं. आड अशासाठी की कागद घेतलेली माणसं दिसली की ड्रायव्हरचा पाय आपोआप उचलला जातो आणि मोजणी खोटी ठरते. दोन रेघांमधलं अंतर ३ सेकंदांत कापलं तर वेग ताशी ६०, अडीच सेकंदांत कापलं तर ७२. सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावायच्या आणि १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत बसतात तो आकडा काढायचा. वेगमर्यादा ठरवताना अनेक देशांत हाच आकडा आधी बघतात. बहुतेक चालक रस्ता पाहून शहाणपणाने चालवतात आणि त्या सगळ्यांना चुकीचं ठरवणारी पाटी कोणी मानत नाही, असं त्यामागचं गणित. मोकळ्या रस्त्यावर मला ते पटतंही. आमचा आकडा साठच्या जरा वर आला. बैठकीत एक साहेब म्हणाले, "मग साठची लावा, विषय संपला."

मी म्हटलं, साहेब, एकदा गडगा मोजू द्या.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरतात आणि समोरची अडचण १५ सेंटिमीटर उंच. म्हणजे आडवा पडलेला दगड दिसायला हवा. मी त्या उंचीला डोळा लावून बसले आणि आमचा सर्व्हेअर १५ सेंटिमीटरचं खोकं फाटकासमोर ठेवून उभा राहिला. मी वळणावरून मागे मागे सरकत गेले. खोकं गडग्याआड गेलं तिथे खूण केली, टेप लावली. ४८ मीटर.

आता त्याच मानकातलं थांबण्याचं अंतर बघा. ताशी ४० ला ४५ मीटर, ५० ला ६०, ६० ला ८०, आणि १०० ला १८०. वेग अडीचपट झाला की अंतर चौपट होतं, कारण ब्रेक लागल्यावरचं घसटणं वेगाच्या वर्गाने वाढतं. त्याच्याही आधी अडीच सेकंद जातात ते डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत. साठच्या वेगाने त्या अडीच सेकंदांत गाडी जवळपास ४२ मीटर पुढे गेलेली असते. ४८ पैकी ४२. ब्रेक खऱ्या अर्थाने लागायला ६ मीटर उरतात, आणि समोर शाळेचं फाटक. हा हिशेब मी बैठकीत फळ्यावर लिहिला. साठचा आग्रह मग कोणी धरला नाही.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. चिपळूण-कराड, कुंभार्ली घाट, वर्षानुवर्षं. लहानपणी मी पुढच्या सीटवर बसायचे आणि मागून कोणीतरी ओरडायचं, "ड्रायव्हर, जरा दाबा की!" बाबा काही बोलायचे नाहीत. घरी आल्यावर सांगायचे, "ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतरायचं गो. उतरणीला ब्रेकवर भरवसा ठेवला की ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत." एकाच रस्त्यावर गाडीगणिक मर्यादा वेगळी का, याचं उत्तर मला त्यांच्याकडूनच कळलं. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, बसला ९०, मालट्रकला आणि मोटरसायकलला ८०, तर रिक्षाला ५० अशी कमाल मर्यादा दिली. ट्रकमागे टनावारी ओझं असतं, मोटरसायकलवाल्याभोवती पत्रा नसतो, रिक्षा तीन चाकांवर वळणात कलंडते. द्रुतगती मार्गावर कारला १२०. समृद्धी महामार्ग १५० च्या वेगाला आखलाय, तरी कारला मर्यादा १२० चीच. रस्ता ज्या वेगाला आखतात आणि ज्या वेगाला परवानगी देतात त्यात राखून ठेवलेली ही जागा माणसाच्या चुकीसाठी असते. मला ती फार मोलाची वाटते.

आमच्या प्रजिमावर या अधिसूचनेप्रमाणे कारला ७० चालले असते. पण हे आकडे वरच्या टोकाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकारला ठरावीक रस्त्यावर मर्यादा खाली आणता येते, राजपत्रात प्रसिद्ध करून. गावकऱ्यांनी कळकळीने पत्र्यावर रंगवलेली "हळू चालवा" पाटी त्यामुळे कायद्यात बसत नाही. तिच्यामागची भीती मात्र खरी असते.

मी ४० लिहायच्या बेतात होते. तेवढ्यात गडग्याच्या मालकीण काकींनी निरोप पाठवला की गडगा मागे घ्या, जागेचं बघू नका, पोरं जातात तिथून. दोन दिवसांत चिरे मागे गेले, करवंद तुटलं. पुन्हा डोळा लावला, पुन्हा टेप. ७० मीटर. लगेच फोन, "मॅडम, आता ५० बसतंय ना?"

बसतंय. ६० मीटर लागतात आणि ७० आहेत. पण मी त्या दिवशी मधली सुट्टी होईपर्यंत तिथेच होते. मुलं फाटकातून बाहेर येतात ती पळतच येतात. ७० मीटर दूर, रस्त्यात स्थिर पडून राहिलेल्या खोक्यासारखी ती नसतात. आणि मी ज्या गाड्या मोजल्या त्यांत या मुलांचा एकही आकडा नव्हता. चालणाऱ्याला स्टॉपवॉच कोणी लावत नाही. रस्ता सुरक्षेवरच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या मंत्र्यांनी हेच मांडलं: जिथे चालणारी माणसं आणि गाड्या रोज एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा. मी ३० लिहिले.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "नुसत्या पाटीला कोण मानतो?" खरं आहे. म्हणून सोबत गतिरोधकही सुचवलाय, रस्त्यावर दिसतात तसा टोकदार उंचवटा नाही, मानकातला: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलसर. ताशी २५ ने गेलं तर धक्का नाही. बाबांनी कागद हातात घेतला, बराच वेळ आकृती बघितली आणि विचारलं, "भरलेली गाडी खालून घासणार नाही ना?" नाही म्हटलं. "मग रात्री दिसेल असा पांढरा पट्टा मारायला सांग."

तो मुद्दा माझ्या फायलीत नव्हता. दुसऱ्या दिवशी घातला.