आमदारांसाठी राखीव

१७ मार्च २०२३, शुक्रवार. मेहकरहून बुलढाण्याला जाणारी सकाळची गाडी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट सुरू झालं तो पहिलाच दिवस. मी त्या गाडीचा कंडक्टर. गर्दी अशी की दारापासून मागच्या सीटपर्यंत पोचायला मला तीन गावं लागली. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाचा चौथा दिवस. डोक्यावर 'एकच मिशन, जुनी पेन्शन'च्या टोप्या घातलेले पाच-सहा गुरुजी मागे बसलेले, कलेक्टर ऑफिसवर निघालेले.

मधल्या एका फाट्यावर माजी आमदार चढले. फाट्याचं नाव सांगत नाही, नाहीतर माणूस ओळखू येईल. एकदाच निवडून आलेले, पाच वर्षं काढली, पुन्हा कधी जमलं नाही. आमच्या रूटवर सगळे त्यांना ओळखतात, कारण ते अजून एसटीनं फिरतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. धोतराला हात पुसून त्यांनी चेनची रेक्झिनची पिशवी उघडली आणि त्यातून दोन कार्डं काढली, एक विधिमंडळाचा पास, दुसरं आधार. क्षणभर दोन्ही हातात धरून उभे राहिले. मग पास परत पिशवीत.

"आधारावर काढा मास्तर. अमृत."

तिकीट दोन्हीकडे शून्यच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या कुणालाही २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आहे, त्या योजनेचं नाव अमृत. आमदार, माजी आमदारांना ती आधीपासून आहेच. फरक एवढाच की मशीनमध्ये बटण वेगळं आणि रात्री हिशेबात रकाना वेगळा. मी अमृतचं दाबलं.

आता सीट. 'आमदारांसाठी राखीव' लिहिलेल्या सीटवर एक बाई मांडीवर भाजीची टोपली घेऊन बसलेली. पद्धत अशी की आमदार आला की ती सीट मोकळी करून द्यायची. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "तिकीट अर्धं असन, बसाले सीट तं पुरीच लागते ना?" गाडी हसली. साहेबही हसले आणि दांडीला धरून उभे राहिले. शेवटी एका गुरुजींनीच उठून त्यांना जागा दिली. आणि जागा देऊन झाल्यावर, दांडीला लोंबकळत, हळूच विषय काढला.

"साहेब, राग मानू नका. पाच वर्षांची पेन्शन किती येते?"

"पन्नास हजार."

लपवलं नाही, हे मला आवडलं. गुरुजींना आकडा माहीत होताच, त्यांना तो साहेबांच्या तोंडून ऐकायचा होता. मग ते सुरू झाले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, पगारातून दर महिन्याला दहा टक्के जातात, ते बाजारात लावले जातात, शेवटी हातात किती येणार ते बाजारालाच विचारा. "आम्ही तीस वर्षं फळा पुसायचा तरी नक्की काही नाही. तुम्ही एकदा निवडून आलात की मरेपर्यंत पक्कं. वरून पाच वर्षांच्या पुढं जेवढी वर्षं, तेवढे महिन्याला दोन-दोन हजार जास्त. तोच माणूस खासदार झाला तर दिल्लीची वेगळी."

खोटं काही नव्हतं त्यात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये चाळीसचे पन्नास झाले, तेही अधिवेशनात चर्चा न होता. राज्यघटनेचं कलम १९५ म्हणतं की आमदारांचा पगार-भत्ता विधिमंडळच कायद्यानं ठरवेल. म्हणजे मागणारेही तेच आणि देणारेही तेच. मला स्वतःला पन्नास हजारांपेक्षा हे जास्त खुपतं. गावच्या सोसायटीतसुद्धा सचिवाचा पगार सचिव ठरवत नाही.

साहेब म्हणाले, "मी मागितली नव्हती." थोडं थांबून म्हणाले, "पण परतही नाही केली कधी." मग त्यांच्या आधीच्या पिढीतल्या एका आमदाराची गोष्ट सांगितली. पद गेलं, घर गळकं, औषधाला पैसे नाहीत, शेवटी कार्यकर्त्यांनी वर्गणी काढली. "असल्या माणसाला द्या ना. माझं वीस एकर बागायत आहे. मला कुणी विचारलंच नाही, गरज आहे का म्हणून."

दुसरे गुरुजी म्हणाले, पंजाबात बघा. तिथं आधी प्रत्येक टर्मला पेन्शन चढत जायची, २०२२ मध्ये कायदा केला, कितीही वेळा निवडून या, पेन्शन एकच. साहेब म्हणाले, "गुजरातेत तर माजी आमदाराला पेन्शनच नाही. तिथं काय निवडणुकीला माणसं उभी राहायची थांबली?" हे माजी आमदारच बोलतोय म्हटल्यावर गुरुजींची पंचाईत झाली. भांडायला आलेल्या माणसानं समोरच्याला होकार कसा द्यायचा?

इतका वेळ माझ्या सीटला टेकून एक म्हातारा गप्प उभा होता. आमच्याच खात्यातला रिटायर ड्रायव्हर, मी नवीन लागलो तेव्हा त्याच्याबरोबर मुक्कामी गाड्या केल्यात. बुलढाण्यात ईपीएस-९५ च्या, म्हणजे पीएफवाल्या पेन्शन योजनेच्या, पेन्शनरांचं साखळी उपोषण २०१८ च्या डिसेंबरपासून चालू होतं, तिथं त्याची त्या दिवशी पाळी होती. त्याला मी विचारलं, "काका, तुमची किती?"

"दोन हजार सातशे."

गाडी गप्प. टोपीवाले गुरुजीसुद्धा. काकाच पुढे म्हणाला, "माह्यापेक्षा खाली बी हायेत. हजारवाले." २०१४ च्या सप्टेंबरमध्ये किमान हजार ठरले, तिथंच गाडं अडलेलं. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चिखली आली, मी सिंगल बेल मारली.

पुढे २०२५ च्या मार्चमध्ये बातमी आली की खासदारांची पेन्शन पंचवीसवरून एकतीस हजार, तीही १ एप्रिल २०२३ पासून. २०१८ मध्येच कायद्यात महागाईप्रमाणे आपोआप वाढायची सोय करून ठेवलेली, त्यामुळे कुणाला हात वर करावा लागला नाही, की मागावंही लागलं नाही. तेवढं खरं तर शहाणपणाचं केलं, स्वतःच हात वर करून वाढवण्यापेक्षा बरं. फक्त तीच सोय हजारवाल्यांना लावायचं कुणाला सुचलं नाही. ईपीएसचा किमान आकडा तेव्हाही हजारच होता. मला तो म्हातारा आठवला. तोवर तो वारला होता.

त्या दिवशी बुलढाण्याला सगळे उतरले. गुरुजी घोषणा देत गेले. भाजीवाली सगळ्यात शेवटी, टोपली सांभाळत. साहेबांनी काकाच्या पिशवीचा एक बंद धरला आणि दोघं स्टँडच्या बाहेर पडले. पुढं कुठं गेले ते मी पाहिलं नाही, मला परतीची फेरी होती.

रात्री डेपोत वे-बिल जुळवताना क्लार्कनं रकाने वाचायला सुरुवात केली. अर्ध्या तिकिटांचा आकडा ऐकून त्यानं डोळे मोठे केले. अमृत सात.

"आमदार?"

"निरंक," मी म्हणालो.