सुकाजान: साटीनवरचा वाघ आणि गुडघ्याच्या इशाऱ्यावर चालणारी सुई

पाठीवर भरतकामाचा वाघ नाहीतर ड्रॅगन, अंगाला चकचकीत साटीन, गळ्याला आणि मनगटाला पट्ट्यांची रिब, म्हणजे ताणली जाणारी विणलेली किनार. या जॅकेटला जपानमध्ये सुकाजान म्हणतात. योकोसुकातला ‘सुका’ आणि जम्परच्या जपानी उच्चारातला ‘जान’ अशी त्या शब्दाची फोड सहसा सांगतात. ‘स्काय ड्रॅगन जम्पर’ अशीही एक व्युत्पत्ती ऐकायला मिळते, पण ती मागाहून जुळवलेली वाटते.

योकोसुका हे टोकियो उपसागराच्या तोंडाशी असलेलं आरमारी बंदर. 1945 मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि तिथला तळ अमेरिकन नौदलाकडे गेला. तो आजही त्यांच्याकडेच आहे. तळाजवळच दोबुइता नावाची गल्ली आहे. दोबु म्हणजे गटार, इता म्हणजे फळी. गटारावर टाकलेल्या झाकणांवरून पडलेलं हे नाव. घरी परतणाऱ्या सैनिकाला आठवण म्हणून काहीतरी हवं असायचं, आणि अमेरिकन बेसबॉल जॅकेटचा कट त्याच्या ओळखीचा होता. त्या कटावर फुजी पर्वत, ड्रॅगन, गरुड, जपानचा नकाशा, तळाचं किंवा जहाजाचं नाव असं काय काय भरून मिळू लागलं. पुढे टोयो एंटरप्रायझेस झालेल्या कोशो या व्यापारी कंपनीने तळांवरच्या सैनिकी दुकानांना अशी जॅकेटं पुरवायला सुरुवात केली आणि गल्लीतल्या हौसेचा धंदा झाला.

पहिली जॅकेटं पॅराशूटच्या रेशमाची होती, ही कथा प्रत्येक विक्रेता सांगतो. काही तशी शिवलीही गेली असतील. पण त्या काळची जी जॅकेटं आज हाती लागतात, ती बहुतेक अ‍ॅसिटेट साटीनची असतात. रेशमावर सरकारी नियंत्रण होतं, आणि अ‍ॅसिटेट हा कृत्रिम धागा रेशमासारखा चमकायचा. भरतकामाचा धागा रेयॉनचा. थोडक्यात, माल स्वस्तातला, पण त्यावर चाललेला हात महागडा.

तो हात किर्यूचा. गुन्मा प्रांतातलं हे विणकरांचं गाव. ‘पश्चिमेला निशिजिन (क्योटोतली विणकरांची वस्ती), पूर्वेला किर्यू’ असं जपानी लोक म्हणतात ते रेशमी कापडासाठी. शेजारच्या आशिकागातही हे काम चालायचं. किमोनो आणि त्यावरच्या ओबी या कमरपट्ट्यावर भरतकाम करणारी माणसं युद्धानंतर कामाला मोताद झाली होती. त्यांच्याकडे ‘योकोबुरी’ मशीन होतं. योको म्हणजे आडवं, फुरी म्हणजे झुलणं.

आपल्याकडे पिको-फॉलच्या मशीनची सुई डावी-उजवीकडे नाचते, तशीच याचीही नाचते. फरक असा की पिकोला टाक्याची रुंदी आधी ठरवून ठेवतात, इथे ती शिवता शिवता बदलते. पायाने मशीनचा वेग सांभाळायचा, उजव्या गुडघ्याने पट्टी रेटून टाका अरुंद-रुंद करायचा, आणि दोन्ही हातांनी रिंगमध्ये ताणलेलं कापड फिरवायचं. कापड दाबून धरणारा पाय नाही, खालून पुढे सरकवणारे दातेही नाहीत. वाघाच्या मिशीला अगदी केसाएवढा टाका, छातीवरच्या दाट केसांना साधारण सेंटीमीटरभर, तोही एका दमात. हात मागे पडला तर धागा एका जागी साचून गाठ होते, पुढे धावला तर टाके विरळ पडून खालचं साटीन दिसतं. रिंगमध्ये कापड ढिलं असेल तर नक्षीभोवती चुण्या पडतात, आणि साटीनवर त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

नक्षी उतरवायची पद्धत आपल्या जरदोजीवाल्यांना अनोळखी वाटणार नाही. कागदावर चित्र काढून रेषांवर सुईने भोकं पाडायची आणि वरून पूड घासायची. आपला खाकाच तो. पाठ, छातीचे दोन भाग, बाह्या असे तुकडे सुटे असतानाच भरतात, जोडणी मागाहून. भरून झाल्यावर कापड आक्रसतं, म्हणून कापताना भोवती माया सोडावी लागते. ती कमी पडली तर पाठीवरचं चित्र एका बाजूला सरकतं. अस्सल सुकाजान दोन्ही बाजूंनी घालता येतं: एकीकडे साटीन, दुसरीकडे बहुधा रजईसारखी आडवी शिवण घातलेलं साटीन किंवा सुती मखमल. म्हणजे दोन जॅकेटं पाठीला पाठ लावून शिवायची, आणि चेनला दोन्हीकडून ओढता येईल असा रनर लावायचा.

जुन्या सुकाजानवरचा वाघ बऱ्याचदा मांजरासारखा दिसतो. ताडोबात वाघ पाहून आलेल्याला हसू येईल. पण जपानमध्ये वाघ नव्हताच. तिथले जुने चित्रकार बाहेरून आलेली कातडी आणि दारातलं मांजर समोर ठेवून वाघ काढत, आणि तेच गोल डोळे भरतकामात उतरले. आम्हाला तरी हुबेहूब वाघापेक्षा हाच आवडतो.

पुढे ज्या ज्या तळावर अमेरिकन सैनिक गेला, तिथलं चित्र जॅकेटवर आलं. अलास्काचा नकाशा आणि पांढरं अस्वल असलेली जॅकेटंही जपानमध्येच भरली गेली. व्हिएतनामची मात्र वेगळी: ती तिथल्याच शिंप्यांनी भरलेली, पुष्कळदा पोंचोच्या, म्हणजे सैनिकी पावसाळी अंगरख्याच्या, अस्तराच्या कापडाची. मेल्यावर मी स्वर्गातच जाणार, कारण नरकातली मुदत इथे भरून झाली, अशा अर्थाची ओळ त्यांच्यावर असते. जपानी पोरांनी ही जॅकेटं उचलली तेव्हा ती टपोरीपणाची खूण झाली होती, आणि 2016 च्या सुमारास युरोपातल्या मोठ्या फॅशन घराण्यांनी तीच रॅम्पवर आणली.

विकत घेताना पाठीवरचा चेहरा जवळून बघा. कॉम्प्युटर मशीनवर टाके एकाच लांबीचे, एकाच दिशेने, शेताच्या सरींसारखे पडतात. योकोबुरीचे टाके अंगाच्या वळणाने फिरतात, दोन रंग एकमेकांत घुसतात, काही धागे रेषेबाहेर सुटतात. छातीवर दोन वाघ असतील तर ते जुळ्यांसारखे हुबेहूब नसतात. नुसतं ‘हातमशीनचं काम’ असं लिहिलेलं असेल आणि जवळून काढलेला फोटो नसेल, तर पैसे अडकवू नका. मापाचंही एक आहे. याची बाही रॅगलन, म्हणजे थेट गळ्यापासून निघणारी; तिला खांद्याची शिवण नसते, तेव्हा खांद्याचं माप निरर्थक. मानेच्या मागच्या मध्यापासून मनगटापर्यंतचं माप विचारा, सोबत काखेपासून काखेपर्यंतची रुंदी आणि मागची उंची. जुना कट आखूड आणि रुंद असतो. आपल्या नेहमीच्या साईझवर जाऊन मागवलं तर जॅकेट कमरेच्या वर राहतं.

सांभाळायला हे कापड नाजूक. रेयॉन भिजल्यावर त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि लाल धाग्याचा रंग पांढऱ्या बाहीत उतरला तर परत निघत नाही. वॉशिंग मशीन अजिबात नको. ड्रायक्लीनला देताना अ‍ॅसिटेट आहे हे तोंडी सांगा, कारण डाग काढायला कुणी अ‍ॅसिटोन लावलं तर कापड अक्षरशः विरघळतं. नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच. इस्त्री अगदी कोमट, उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड घालून. जुन्या निळ्या-जांभळ्या अ‍ॅसिटेटवर गुलाबी झाक दिसली तर ती उन्हामुळेच आली असं समजू नका. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडनेही हे रंग बदलतात, त्यामुळे गॅसच्या शेगडीजवळच्या कपाटात जॅकेट ठेवू नये. रिब लोकरीची असेल तर कसर लागते. भरतकामावर घडी घालू नका, धागे मोडतात. रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, सुती पिशवी घालून टांगा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी घातलीत तर श्रावणापर्यंत बुरशी आलीच समजा.