गुलाबी मनोरा: आठ ठोकळे हातावेगळे, नऊ-दहा शिकंज्यात

मॉन्टेसरी बालशिक्षणातला गुलाबी मनोरा म्हणजे मुलाने एकावर एक रचायचे, १ सेंमीपासून १० सेंमीपर्यंतचे दहा घन ठोकळे. त्यातले आठापर्यंतचे झाले. अडलंय ते नऊ आणि दहाशी. दहा इंची पात्याचं टेबल-सॉ साडेसात-आठ सेंमीच्या वर कापत नाही, म्हणजे ठोकळा उलटा करून दुसऱ्या बाजूने कापायचा आणि मधली जी पायरी राहते ती रंध्याने काढायची. अखंड लाकडाचा नाद मी सोडला. वखारीत एवढ्या जाडीचं बीचचं लाकूड मिळेना, आणि जुन्या तुळईचं सागवान बाहेरून कितीही देखणं असलं तरी पोटात चिरा निघतात. त्यामुळे २५ मिमीच्या फळ्या घेतल्या. रंधून २१ उरतात, पाच चिकटवल्या की १०५, त्यातून १०० काढायचे. सगळ्या फळ्यांचे रेषे एकाच दिशेने ठेवा. आडवे-उभे लावलेत तर पावसाळ्यात एक थर फुगतो, दुसरा फुगत नाही, आणि सांधा सुटतो.

प्लायचे पोकळ डबे करा, असं एकाने सुचवलं. काम निम्म्यावर येईल, पण मग मनोरा कशाला? सर्वांत मोठा ठोकळा सर्वांत धाकट्याच्या हजारपट असतो. दहाही मिळून ३०२५ घनसेंमी लाकूड, बीचमध्ये दोन किलोंच्या वर. धाकटा चिमटीत मावतो, थोरला दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणावा लागतो. हा फरक डोळ्यांआधी दंडाला कळतो. पोकळ केला की तो गेला.

मापाचा काटेकोरपणाही उगीच नाही. दोन शेजारचे ठोकळे एकावर एक, एका कोपऱ्यात जुळवून ठेवले की दोन कडांना बरोबर १ सेंमीची पायरी सुटते आणि तिच्यावर धाकटा ठोकळा नेमका बसतो. शेजारचे दोघे अर्धा-अर्धा मिलीमीटर उलट दिशेने चुकले, तर पायरी नऊ किंवा अकरा मिमीची. म्हणून काटकोन तपासायचा गुण्या आणि बारीक माप घ्यायचा व्हर्नियर सतत हाताशी.

आठांवर लेकीचा (साडेतीन वर्षं) हात फिरून झालाय. सहावर चार ठेवला, मग पाच उरला. तो हातात घेऊन ती बराच वेळ मनोऱ्याकडे बघत उभी. आजीला राहवेना, “अगं, तो खाली, खाली!” आईंना मी डोळ्यांनीच थांबवलं. लेकीने शेवटी वरचे उतरवले आणि परत रचले. चूक ठोकळ्यांनीच दाखवली की आपण बोलायची गरज उरत नाही. याच कारणाने बुडावर आकडे घालायचे नाहीत आणि दहा ठोकळ्यांना दहा रंग द्यायचे नाहीत. बाजारातले रंगीबेरंगी संच मला पटत नाहीत. रंग बदलला की मूल रंगांचा क्रम पाठ करतं आणि मापाकडे बघतच नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला खडे, शिंपले, बिया यांवर बालवाडी चालवली, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न मलाही पडतो. मोजायला, वर्गवारी करायला चिंचोके उत्तमच, आमच्याकडेही डबाभर आहेत. पण ठरावीक एका सेंमीने वाढत जाणारे चिंचोके मिळत नाहीत.

गुलाबी रंग कुठल्या प्रकारचा लावायचा, ते अजून ठरत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाख चढवायची तर वस्तू चरकावर (लेथवर) फिरायला हवी, चौकोनी ठोकळ्याला ते जमत नाही. चपडी (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात रंग घालता येतो, पण ओल्या हातांनी पांढरे डाग पडतात. सध्या कल पाण्यात मिसळणाऱ्या, शिसं नसलेल्या रंगाकडे आहे. कडा आधी पॉलिश पेपरने जेमतेम मोडायच्या, गोल करायच्या नाहीत, नाहीतर पायरी बिघडते.

आणि १ सेंमीचे जास्तीचे ठोकळे आताच कापून ठेवा. ते हरवतातच. घरात तीनच्या आतलं मूल असेल तर मात्र धाकटा बाहेर काढूच नका, तो घशात अडकेल एवढाच असतो.

यानंतर तपकिरी जिना, मॉन्टेसरीचंच दुसरं साधन. २० सेंमी लांबीचे, १ ते १० सेंमी चौरस जाडीचे दहा ठोकळे, एकूण ७७०० घनसेंमी. कोणी बीचऐवजी शिवणीचं लाकूड वापरून पाहिलंय का? पावसाळ्यात माप कितपत टिकतं ते कळवा.