अ‍ॅक्टिव्ह फिल्टर: तिसरा हार्मोनिक घरचाच निघाला

मागच्या नोंदीत फिल्टर चालू झाला म्हणून लिहिलं होतं. चालू झाला, एवढंच खरं होतं. हा फिल्टर म्हणजे लोडमुळे सप्लायच्या करंटमध्ये येणारे हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी) उलटा करंट सोडून मिटवणारं सर्किट.

जोडणी तीच: सिंगल फेज शंट (लोडला समांतर जोडलेला) फिल्टर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्टांवर. लोड म्हणून ब्रिज रेक्टिफायर, त्यापुढे २२०० मायक्रोफॅरड आणि वायरवाउंड रेझिस्टर. डीसी बस (फिल्टरच्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज) ५० व्होल्ट, कारण सप्लायचं शिखरच ३४ ला जातं आणि बस त्याच्या वर हवी.

आधी पी-क्यू पद्धत करून पाहिली, म्हणजे लोडच्या क्षणाक्षणाच्या पॉवरवरून फिल्टरने किती करंट सोडायचा ते काढायचं. आकागी आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात थ्री फेजची. एका फेजवर चालवायची तर सिग्नल ५ मिलिसेकंद मागे सरकवून दुसरा अक्ष तयार करावा लागतो, आणि लोड बदलला की तेवढा वेळ गणित शिळ्या आकड्यांवर चालतं. सोडून दिली. आता लोडचा करंट मोजतच नाही. सप्लायचा करंट मोजायचा आणि व्होल्टेजच्या फेजमधल्या साईनला धरून ठेवायचा, हिस्टेरेसिसने (करंट ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला की स्विच पालटायचा). साईन किती उंच, ते डीसी बसचा पीआय (बस ५० वर धरून ठेवणारा कंट्रोलर) ठरवतो. (इंडक्टर चहाच्या आधणासारखा सूं करतो, कारण हिस्टेरेसिसमध्ये स्विचिंगची फ्रिक्वेन्सी ठरलेली नसते.)

पाचवा, सातवा नीट दबले. १५० हर्ट्झचा तिसरा मात्र हलेना. दोन रविवार मी करंट सेन्सरवर संशय घेत होतो, डेड टाइमही (एक स्विच बंद करून दुसरा चालू करण्यामधली थांबणी) बदलून पाहिला. मग सहज पीआयचा केपी (फरकाला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा) निम्मा केला, तर तिसराही जवळजवळ निम्मा झाला! तेव्हा ट्यूब पेटली. सिंगल फेजमध्ये बसवर १०० हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) असतोच. माझा पीआय इतका चपळ की तो रिपल थेट साईनच्या उंचीत उतरत होता, आणि १०० ला ५० ने गुणलं की ५० आणि १५० हाती येतात. म्हणजे तिसरा हार्मोनिक मीच बनवत होतो.

आता बसच्या व्होल्टेजची १० मिलिसेकंदांची सरासरी घेतो, २० किलोहर्ट्झला २०० सॅम्पल. १०० हर्ट्झ त्यात पूर्ण मिटतो. पीआयही दर झीरो क्रॉसिंगला एकदाच चालवतो. स्कोपवर करंटच्या लहरीला दिसणारे खांदे गेले.

बदल्यात बस सुस्त झाली. काल चालू लोड काढला तर ५८ व्होल्टांपर्यंत चढली, आणि माझे कपॅसिटर ६३ चे. पुढच्या रविवारी आधी ओव्हरव्होल्टेज ट्रिप, मग बाकीचं.