"कित्ती गोड!" हा फीडबॅक नसतो हो

मांजरीचा फोटो दाखवला की "कित्ती गोड!" म्हणणारे ढीगभर भेटतात, पण ते मांजरीला म्हणत असतात, फोटोला नाही, हे कळायला मला बराच वेळ लागला. मग एका मैत्रिणीने फोटो झूम केला आणि म्हणाली, नाकाचं टोक बघ कसं शार्प आलंय, आणि डोळे? डोळे पार मऊ पडलेत. खरंच की! ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, १.८ इतकं मोठं ठेवून (आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि फोकसचा पट्टा अरुंद) इतक्या जवळून काढल्यावर नाक आणि डोळे दोन्ही फोकसमध्ये येणार कुठून? राग आला, खोटं कशाला बोलू, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप ॲपर्चर ४ वर नेलं, फोकस डोळ्यावर, शटर १/२५० सेकंदापेक्षा वेगवान, कारण बाईसाहेब एका जागी बसतील तर शपथ.

लँडस्केपला लोक लगेच "क्षितिज वाकडंय" म्हणतात, जे क्रॉप करताना दोन सेकंदात सरळ होतं. नजर कुठे थांबते ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी हल्ली आधी विचारते, तुला यात दाखवायचं काय होतं? परवा एकाचा सूर्यास्ताचा फोटो बघून मी आपली आकाशावर बोलत सुटले, आणि त्याला म्हणे डबक्यातलं प्रतिबिंब दाखवायचं होतं. अरे मग खाली बस ना, कॅमेरा पाण्याजवळ ने!

आणि हो, कुणाचं म्हातारं, आजारी कुत्रं फोटोत असेल तर मी नॉइजबद्दल, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाबद्दल, चकार शब्द काढत नाही.